कोण गेलं, कोंडाजी?

सकाळी उठल्यावर कोंडाजी आधी कॅमेऱ्याचं पितळ घासायचा आणि मग स्वतःचे दात. बायको, आनंदीबाई, होती तेव्हा हा क्रम उलटा असे, कारण दात घासल्याशिवाय ती चहाच देत नसे. आता चहा त्याचा त्यालाच करायचा होता, त्यामुळे शिस्त बिघडली होती. त्या रविवारी मात्र पितळ झालं, दात झाले, चहाही पिऊन झाला, तरी तो तिवईवर उभ्या असलेल्या त्या लाकडी डब्यासमोर उकिडवा बसूनच होता.

"बोल की," तो कॅमेऱ्याला म्हणाला. "ठिवू का इकू?"

कॅमेरा काही बोलला नाही. तो कधीच बोलत नसे, पण घरात विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

"तुज्या जागी म्हस येनार हाय. ती निदान रेकंल तरी."

कोंडाजी तरुणपणी मुंबईला एका पारशी फोटोवाल्याच्या दुकानात पाण्याच्या बादल्या भरायला होता. बादल्या भरता भरता फोटोचं काम शिकला. पारशीबावा म्हातारा झाला, दुकान मोडलं, आणि जाता जाता त्याने हा डबा कोंडाजीच्या गळ्यात बांधला. कोंडाजी मोठ्या हौसेने तो कर्जतला घेऊन आला. लग्नं, मुंजी, बारशी, सगळ्यांचे फोटो काढू म्हणाला. पण पहिलं बोलावणं आलं ते एका खोताच्या घरून, आणि खोत त्याच दिवशी पहाटे वारला होता. त्याला पाटावर भिंतीशी टेकवून बसवला, डोक्याला फेटा बांधला, कपाळाला अबीर लावला आणि कोंडाजीने फोटो काढला. फोटो इतका झकास आला की बाबा जिवंतपणी एवढे समाधानी कधी दिसले नव्हते, असं खोताच्या मुलांचं मत पडलं. दुसरं बोलावणं आलं तेही तसल्याच घरून. मग तालुक्यात ठरूनच गेलं. घरातलं माणूस गेलं की एक जण लाकडांच्या सोयीला पळायचा आणि एक कोंडाजीकडे. जिवंत माणसाने त्या भिंगासमोर उभं राहणं म्हणजे हाताने आयुष्य तोडून देणं, अशी सगळ्यांची पक्की समजूत झाली.

त्यामुळे कोंडाजीला लग्नाचं आमंत्रण कधी आलं नाही. तो रस्त्याने दिसला की लोक मनातल्या मनात घरातली म्हातारी माणसं मोजत. मयताच्या घरी चहा घ्यायचा नसतो, म्हणून त्याला कोणी चहा विचारत नसे. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून तो न बोलता निघे. आणि दुसरीकडे कुठे जाणंच नसल्यामुळे तो शब्द त्याच्या तोंडातून जवळजवळ गेलाच होता. घरी पोचला की आनंदीबाई ओट्यावर ऊन पाण्याची घागर ठेवून आतूनच विचारी, "कोन गेलं वो?" तो नाव सांगे, बाहेरच आंघोळ करी आणि मग उंबरा ओलांडी. एवढ्यावर त्यांचा संसार सुखाने चालला होता.

सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या कोंडाजीच्या घरात आनंदीबाईचा फोटो मात्र नव्हता. "मेल्यावर काढा की," ती पदर तोंडात धरून हसायची. "तुमचं गिऱ्हाईक कुटं पळून जातंय?" विलायतेत लढाई सुरू झाली त्या वर्षी ती तापाने गेली. फोटो ज्यावर उमटतो ती, शेवटच्या पुडक्यातली शेवटची काच कोंडाजीने चौकटीत भरली, तिवई मांडली, काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर माणूस उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. कितीतरी माणसं त्याने तशी पाहिली होती आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. तिला तसं पाहिलं आणि त्याचा हात भिंगाच्या झाकणापर्यंत गेलाच नाही. बाहेर लोक खोळंबले होते. शेवटी तो फडक्यातून बाहेर आला आणि "झालं" म्हणाला.

पुढे लढाईमुळे विलायती काचा यायच्या बंद झाल्या आणि बोलावणीही बंद झाली. ती एक कोरी काच तेवढी डब्यात तशीच राहिली. तिच्याकडे पाहून कोंडाजी स्वतःची समजूत घाली की आनंदीबाईचा फोटो काढायचा अजून राहिलाय, म्हणजे तिचं सगळं आटोपलेलं नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कोणी येतच नव्हतं.

अशात बाजाराच्या दिवशी केळवलीच्या मालोजी पाटलाने त्याला वडाखाली गाठलं. गाठलं म्हणजे चार हात लांब उभं राहून हाक मारली.

"कोंडाजी, तो डबा इकनार का?"

"तुमी काय करनार त्याचं?"

"कोठीत टाकनार. वरनं कुलूप."

"कशापायी?"

मालोजीची सत्तरी उलटली होती आणि अलीकडे त्याला साधी शिंक आली तरी रात्रभर झोप लागत नसे. तो इकडेतिकडे बघत दोन पावलं पुढे आला. "हे बग, तुजा डबा ज्याच्या अंगनात उबा ऱ्हातो, त्याच्या घरातलं मानूस गेल्यालं असतं. खरं का नाय?"

"खरं."

"मंग डबाच माज्या कुलपात असला, तर माज्या अंगनात उबा ऱ्हाईल कसा?"

या हिशेबात कुठेतरी भोक होतं, पण कोंडाजीला ते चटकन सापडेना. तेवढ्यात मालोजीने पुढचं टाकलं. "पैशाचं नाव काडू नगंस. दुभती म्हस देतो. गुनाची हाय, लाथ मारत नाय, आन् मानसाकडं टुकूटुकू बगत बसती. रविवारी डबा घेऊन ये आन् म्हस घेऊन जा."

दुधाचं कोंडाजीला फारसं काही नव्हतं. पण घरात कोणीतरी आपल्याकडे टुकूटुकू बघत बसेल, ही गोष्ट मनातून जाईना. म्हणूनच आज तो सकाळपासून असा बसला होता. शेवटी त्याने डबा पाठीला बांधला, तिवई खांद्यावर घेतली, उन्हासाठी काळं फडकं डोक्यावर टाकलं आणि निघाला. आजवर प्रत्येक मयताला तो अगदी असाच निघाला होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पळसदरीच्या पुढे केळवलीची सोनुबाई रानात वालाच्या शेंगा तोडत होती. त्याला पाहून ती कमरेतून ताठ झाली.

"कोंडाजीभाऊ, कुनाकडं?"

"केळवलीला. मालोजी पाटलाकडं."

सोनुबाईच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या. डबा घेऊन निघालेल्या कोंडाजीला यापुढे काही विचारायचं नसतं, तेव्हा तिने विचारलं नाही. कोंडाजीही आपल्या विचारात पुढे गेला.

तो सरळ केळवलीला पोचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ओढ्याशी आल्यावर त्याचा पाय अडखळला. आंब्याखाली बसून त्याने डबा उतरवला, त्यावरची धूळ पुसली आणि परत कर्जतची वाट धरली. थोडं चालल्यावर घरातली चूल डोळ्यांपुढे आली. ती आता गार पडली असेल, आपण जाऊन पेटवेपर्यंत गारच राहील. तो पुन्हा वळला. पुन्हा ओढा आला, पुन्हा डब्यातली आनंदीबाईची काच आठवली. असं करता करता ऊन चांगलं माथ्यावर आलं. तोवर सोनुबाई शेताच्या बांधावरून धावत कधीच केळवलीत शिरली होती.

केळवलीत मालोजीची बायको बायजा ओटीवर तांदूळ निवडत होती. डोक्यावर पदर ओढून सोनुबाईबरोबर रडत येणाऱ्या गावातल्या बायका तिने पाहिल्या. बायजा जुन्या वळणाची बाई होती. दारात रडणं आलं की आधी रडायचं आणि मग विचारायचं, एवढं तिला कळत होतं. तिने सूप बाजूला सारलं, सोनुबाईच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली आणि मग नाक पुसत म्हणाली, "पर गेलं कोन?"

"आगं बायजे, तुजा धनी गं!"

"आवो, ते तर मगाशीच म्हस धुवाया डोहावर गेल्यात."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मालोजी गेलेला नाही, असं क्षणभर सगळ्यांच्याच मनात आलं. पण कोंडाजी तर डबा घेऊन निघाला होता आणि कोंडाजीचा डबा आजवर एकदाही चुकला नव्हता.

"म्हंजी डोहातच गेलं वो पाटील!" सोनुबाईने हंबरडा फोडला.

आता बायजा खरी रडली. तिने कपाळ बडवून घेतलं, "म्हशीपायी जीव दिला गं माज्या धन्यानं" म्हणून टाहो फोडला, आणि तो ऐकून गावाची खात्रीच पटली. काही माणसं दोर घेऊन डोहाकडे धावली. काहींनी बांबू तोडायला घेतले. एक जण सायकलवर टांग मारून खोपोलीला सुटला, कारण मालोजीचा मुलगा येसाजी तिथल्या वीजघरात होता. नांगर सोडून नोकरी धरली म्हणून मालोजी त्याच्याशी बोलत नव्हता, आणि बाप बोलत नाही म्हणून येसाजी घरी येत नव्हता.

कोंडाजी एकदाचा मन घट्ट करून पोचला, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रडणं ऐकून त्याच्या सगळं लक्षात आलं. मालोजी गेला. त्या हिशेबातलं भोकही त्याला आत्ता सापडलं. डबा कुलपात जायचा म्हटला तरी आधी तो अंगणातूनच जाणार होता. आपल्या हातून हे काय झालं म्हणून त्याला भडभडून आलं. हातची म्हैस गेली म्हणूनही थोडं आलं. मग सवयीने त्याने कोणाशी न बोलता कोपऱ्यात तिवई रोवली, वर डबा चढवला आणि फडकं टाकून उभा राहिला.

"कुटं बसवलंय?" त्याने शेजारच्याला हळूच विचारलं.

"अजून काडायचंय डोहातनं."

इकडे मालोजी आता डोहावर नव्हताच. म्हैस आज दुसऱ्याच्या घरी जायची, म्हणून तिला घासूनपुसून, शिंगांना तेल लावून तो परसातल्या वाटेने सावकाश घरी येत होता. कुंपणाशी आला आणि थबकला. अंगणात सारा गाव, आत बायकांचा आकांत, आणि कोपऱ्यात तिवईवर तो डबा. मालोजीने स्वतःला चाचपून पाहिलं. आपण तर उभे आहोत. मग घरात उरलं कोण?

"बायजे!" म्हणून त्याने जी आरोळी ठोकली, ती ऐकून म्हैससुद्धा दोन पावलं मागे सरली. दावं टाकून तो रडत गर्दीत घुसला. तोंडावर उपरणं धरलेलं, त्यामुळे कोणी ओळखलं नाही. बायका त्याला वाट देत होत्या. एकीने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी, बाबा, उगी. पाटील सोन्यासारका मानूस हुता."

"पाटील काय म्हनतीस? पाटलीन म्हन गं!" मालोजी हुंदका देत म्हणाला आणि ओटीवर चढला.

बायजाने मान वर केली. मालोजीने उपरणं खाली केलं. दोघांचेही डोळे सुजलेले, नाकं लाल.

"तू हाइस?"

"आवो, तुमी हाव?"

"मंग गेलं कोन?"

सगळा गाव हळूहळू मान वळवून कोपऱ्याकडे बघू लागला.

"कोंडाजी," मालोजी गरजला, "कोन गेलं?"

"मला काय ठावं?" कोंडाजी म्हणाला. "मी म्हशीला आलोय."

आधी बायजा हसली. पदर तोंडात कोंबला तरी तिला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी पुसायची आणि पुन्हा हसायची. मग बायका हसल्या, बांबू घेऊन उभे होते ते हसले. तेवढ्यात घामाने थबथबलेला येसाजी सायकल दारात टाकून आत आला आणि समोर बाप उभा बघून मटकन खालीच बसला. मालोजीने त्याला दंडाला धरून उठवलं, चार शिव्या घातल्या आणि मिठी मारली. "घरी याया बाप मराया लागतो व्हय रं तुला?" एवढं म्हणाला आणि पुन्हा रडू लागला.

कोंडाजी हे सगळं कोपऱ्यातून बघत होता. घरोघरची रडणी त्याने पाहिली होती. पण ज्याच्यासाठी रडत होते ते माणूस उठून सामोरं आलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता. असं होऊ शकतं हेच त्याला माहीत नव्हतं. तो मुकाट्याने तिवईचे पाय मिटू लागला.

"मिटू नगंस," मालोजी ओरडला. "फोटू काड."

"आवो, जित्या मानसाचा?" सोनुबाईने जीभ चावली.

"डबा अंगनात येऊन उबा ऱ्हायला आन् मी बी उबाच हाय. आता त्याचं कसलं भ्या? आन् मेल्यावर काडल्याला फोटू मला दिसनार हाय का?"

"काच नाय," कोंडाजी म्हणाला. आणि खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून लगेच म्हणाला, "येकच हाय. पर ती आनंदीची हाय. तिचा फोटू काडायचा ऱ्हायलाय."

आनंदीबाईला जाऊन किती काळ लोटला, ते सगळ्यांना माहीत होतं.

"मंग ऱ्हाऊ दे," बायजा म्हणाली. "तिची काच तिला असू दे. बसा कोंडाजीभाऊ, च्या टाकते."

डबा शेजारी असताना आजवर कोंडाजीला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तो अवघडून ओटीच्या कडेला टेकला. कपबशी हातात घेऊन बघत राहिला. बायजा मालोजीला चिखलाच्या पायांनी ओटीवर चढला म्हणून झापत होती आणि मालोजी, मी मेलो असतो तर कोणाला बोलली असतीस, म्हणून तिला डिवचत होता. असल्या वेळी आनंदीबाई काय म्हणाली असती, ते कोंडाजीला अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं. काच काय लोणच्यात घालून ठिवायची हाय? गिऱ्हाईक दारात उबं हाय की.

त्याने बशी खाली ठेवली. "ऱ्हावा उबे," म्हणाला.

मग खरी पंचाईत सुरू झाली. एवढी वर्षं फोटो काढले, पण 'हलू नका' हे कोंडाजीला कधी म्हणावंच लागलं नव्हतं. आजवरचं त्याचं गिऱ्हाईक मोठं शिस्तीचं. बसवलं तिथे बसायचं, डोळ्याची पापणी लवत नसे. ही दोघं मात्र भलतीच. मालोजी फेटा सावरायचा, बायजा हसायची, ती हसली की मालोजी वळून तिच्याकडे बघायचा. येसाजीला मध्ये घेतला तर त्याला उचकी लागली. शेवटी म्हैसही येऊन शेजारी उभी राहिली.

"श्वास धरा!" कोंडाजी ओरडला.

"किती येळ?"

"मी सांगंपरेंत!"

"आवो, मरंल की मानूस," बायजा म्हणाली आणि पुन्हा सगळे हसले.

कोंडाजीने फडक्याखाली डोकं घातलं. दुधी काचेवर ती उलटी माणसं लटकत होती आणि हलत होती. त्या काचेवर माणूस हललेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बायजाने पदर तोंडात धरला. उलटा दिसला तरी पदर तसाच धरलेला होता, घरी असायचा तसा. फडक्याखाली कोंडाजी पोटभर रडला. बाहेरच्यांना वाटलं, यंत्र जुळवतोय. मग त्याने डोळे पुसले, काचेची चौकट बसवली आणि हात भिंगाच्या झाकणाकडे नेला. हात या खेपेला पोचला.

"झालं," तो बाहेर येऊन म्हणाला.

फोटो हललेला येणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. स्पष्ट आली तर एकटी म्हैस येईल. पण मालोजी खुशीत होता. "डबा तुजा तू घेऊन जा," तो म्हणाला. "मला आता नगं. लढाई सरली, काचा आल्या की येसाजीच्या लग्नाला घेऊन ये."

"आन् म्हस?" कोंडाजीने भीत भीत विचारलं.

"डबा नाय तर म्हस कशाची?" मालोजी म्हणाला, पण बायजाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गोठ्याकडे वळला आणि म्हशीची पारडी घेऊन आला. "ही ने. फोटूच्या बदल्यात. दूध देत नाय, पर बगती आयशीसारकीच."

कोंडाजीने डबा पाठीला बांधला, तिवई खांद्यावर घेतली, पारडीचं दावं धरलं आणि नेहमीसारखा न बोलता चालू लागला.

"कोंडाजीभाऊ!" मागून बायजा कडाडली. "येतो म्हना की! हितं कोन मेलंय?"

तो थांबला. शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला. "येतो," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

कर्जतला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटभर पारडीने त्याला ओढलं होतं आणि त्याने पारडीला. ओट्यावर डबा उतरवला, तिवई भिंतीला लावली, आडावरून पाणी शेंदून आणलं. आनंदीबाई गेल्यापासून पाणी गारच असायचं. अंगरखा काढला, तांब्या भरून डोक्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला.

आज आंघोळ कशाची करायची?

आत अंधार होता. आतून कोणी काही विचारलं नाही. कोंडाजी तांब्या तसाच धरून थोडा वेळ वाट बघत उभा राहिला.

"कोन नाय गेलं गं," तो शेवटी आतल्या अंधाराला म्हणाला. मग तांब्यातलं पाणी त्याने पारडीपुढे धरलं. ते संपवून ती त्याच्या आधी उंबरा ओलांडून आत गेली, आणि कोंडाजी कोरड्या अंगाने तिच्या मागोमाग घरात शिरला.